वळचणीचा उजेड

व्यक्तिचित्राच्या छायाचित्रणावरील कोणतीही पुस्तिका चाळली तर तिच्यात एक प्रकरण हमखास सापडते : दिव्यापुढे काय लावावे? पांढरी छत्री, चौकोनी सॉफ्टबॉक्स, जाळी, की समोर धरलेला थर्माकोलचा नुसता तुकडा? या साधनांच्या आकारांचे, वजनांचे, किमतींचे तक्ते असतात आणि शेवटी नवशिक्याने काय घ्यावे याचा सल्ला असतो. चेहरा कोणाचा, हा प्रश्न मात्र त्या प्रकरणात बहुधा येत नाही. प्रस्तुत लेखात तो आधी घ्यावयाचा आहे, आणि चेहरा म्हणून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातील वारली माणसाचा चेहरा समोर ठेवायचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द आपण दोन्ही कलांत वापरतो, एवढे उत्तर तूर्त पुरे.

थोडे तंत्र प्रथम सांगितले पाहिजे. उजेड ‘कडक’ की ‘मऊ’ हे दिव्याच्या तेजावर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिले असता प्रकाशाचा उगम केवढा दिसतो, यावर ते ठरते. सूर्य प्रचंड आहे, परंतु इतका दूर की आकाशात तो जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणून उन्हातली सावली सुरीने कापल्यासारखी असते. नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवर ठेवला तर तो सुमारे ४८ अंश व्यापतो, आणि नाकाची सावली गालावर उतरता उतरता विरून जाते. तोच सॉफ्टबॉक्स चार मीटर मागे नेला की तो तेरा अंशांवर येतो आणि त्याचा मऊपणा बराचसा संपतो. छत्रीचा उजेड भिंतींवर, छतावर सांडतो आणि पांढऱ्या खोलीत सगळ्या सावल्या भरून काढतो. सॉफ्टबॉक्स उजेडाला कडेने आवरून धरतो, त्यामुळे सावली सावलीच राहते. निवड खरी इथे आहे. किती सावली ठेवायची, आणि कोणाच्या चेहऱ्यावर.

हा प्रश्न मुंबईत १८५० च्या दशकातच आला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार. त्या काळातले स्टुडिओ म्हणजे काचघरे होती. छपराचा व एका भिंतीचा भाग काचेचा, आतून मलमलीचे सरकते पडदे, बसणाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कापडाची चौकट आणि मानेमागे, हलू नये म्हणून, लोखंडी चिमटा. पडदा किती ओढायचा आणि चौकट किती जवळ आणायची, हीच त्या काळची ‘निवड’. मलमलीचा पडदा हा आजच्या सॉफ्टबॉक्सचा पणजोबा आणि पांढरी चौकट ही थर्माकोलची पणजी, असे म्हणण्यास हरकत नाही.

या काचघरांविषयी युरोपीय पुस्तकांत एक नियम ठामपणे दिलेला असे : काच उत्तरेकडे ठेवा. लंडनमध्ये माध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून येतो तो केवळ आकाशाचा, स्थिर, मऊ उजेड. चित्रकारांनीही हाच नियम पाळला होता. परंतु २० अंश उत्तर अक्षांशाची रेषा डहाणू आणि तलासरी या दोन गावांच्या मधून जाते. डहाणू तिच्या किंचित दक्षिणेला, तलासरी किंचित उत्तरेला. सूर्य मात्र साडेतेवीस अंशांपर्यंत वर सरकतो. म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत या पट्ट्यात भर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन उतरते. विलायती नियम इथे वर्षातले दोन महिने उलटा होतो. त्यातले पाऊणएक महिन्यांहून जास्त दिवस पावसाळा सावरून घेतो, कारण जून मध्यावर आला की ढगांनी सारे आकाशच एक सॉफ्टबॉक्स होऊन जाते, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, आणि फुकट. उरतात ते मेअखेरचे आणि जूनच्या आरंभाचे दिवस. त्या दिवसांकडे पुन्हा यावे लागेल.

काचघर होते मुंबईत. वारल्याचा चेहरा मात्र काचघरात स्वतःहून गेला नाही. त्याच्याविषयी लिहिले गेले ते आधी शब्दांत : रेव्हरंड जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातील वारली आणि कातोडी यांच्यावरचा आपला वृत्तांत १८४३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन चारच वर्षे झाली होती. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वारल्यांचे वर्णन आहेच. वर्ण, बांधा, वेश, घर, चाली अशा क्रमाने. या वर्णनशैलीचे दृश्यरूप म्हणजे त्या काळातील जातिजमातींच्या छायाचित्रांचे ग्रंथ. विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील ‘रेसेस अँड ट्राइब्ज’विषयीचा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ व १८६६ साली निघाला, ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात. जॉन्सनच्या पद्धतीत एक विलक्षण गोष्ट आहे. माणसांचे गट एका ठिकाणी टिपलेले आणि त्यांच्यामागचा देखावा, देऊळ, समुद्रकिनारा, रस्ता, दुसऱ्याच काचेवरून आणून जोडलेला. चेहऱ्यावरचा उजेड एका आकाशाखालचा आणि मागच्या भूमीवरचा उजेड दुसऱ्या. माणूस त्याच्या जागेवरून उचलून पुन्हा त्याच्याच जागेवर चिकटवण्याची ही क्रिया मला त्या काळच्या गद्यातही दिसते.

मानवशास्त्राला तर सावली अडचणीचीच वाटली. १८६९ साली लंडनमध्ये टी. एच. हक्सले यांनी वसाहतींतील माणसांची मोजमापासाठी छायाचित्रे कशी घ्यावीत याच्या सूचना तयार केल्या. त्याच वर्षी जे. एच. लॅम्प्री यांनी दोन-दोन इंचांचे चौकोन पाडणारी रेशमी दोऱ्यांची जाळी माणसामागे उभी करण्याची पद्धत सुचवली. अशा छायाचित्रात उजेड सपाट हवा. हनुवटीखाली अंधार साचला तर हनुवटी मोजता येत नाही. उलट त्याच काळात मुंबईच्या काचघरात एखादा शेटजी बसला की पडदा असा ओढायचा की एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर विचारमग्न सावली. सपाट उजेड मोजणीसाठी आणि उतरता उजेड मानासाठी, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. १८९६ साली राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ काढला, तोपर्यंत ती पक्की झाली होती.

रसायनांनी त्यात आपली भर घातली. कोलोडियनच्या ओल्या काचा फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखत; पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा हिरव्यापर्यंत आल्या, पण तांबड्याला आंधळ्याच राहिल्या. तांबड्यापर्यंत पाहणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या. सावळी त्वचा परत फेकते तो प्रकाश मुख्यतः तांबड्या-पिवळ्या अंगाचा. निळा ती फारसा परतवीत नाही. परिणाम उघड आहे. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत आभाळ कोरे पांढरे पडते आणि सावळा चेहरा प्रत्यक्षाहून कितीतरी काळा. ‘वर्णाने काळेकुट्ट’ असे जे गॅझेटियरी गद्य आपण वाचतो, त्याला पुरावा म्हणून जोडलेल्या चित्राने तो काळेपणा काही अंशी स्वतःच निर्माण केलेला होता. रंगीत फिल्म आल्यावरही हे संपले नाही. कोडॅकच्या प्रयोगशाळा रंग जुळवण्यासाठी जे नमुनाचित्र वापरीत, ते ‘शर्ली कार्ड’ गोऱ्या स्त्रीचे होते. लोर्ना रॉथ या कॅनेडियन अभ्यासिकेने २००९ साली दाखवून दिले, की तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून कंपनीकडे आग्रह धरणाऱ्यांत चॉकलेट आणि लाकडी सामान यांचे जाहिरातदार होते. सावळ्या माणसांचे चेहरे शिसवी टेबलाच्या पाठोपाठ सुधारले, असे म्हणायचे!

आता त्या मेअखेरच्या दिवसांकडे. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी, आज ते तलासरी तालुक्यात आहे, किसान सभेची परिषद भरली. हजारो वारली जमले. वेठबिगार करायची नाही, लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा ‘लग्नगडी’ ही प्रथा मोडायची, असा निश्चय तिथे झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या उठावाचा इतिहास गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकामुळे मराठी वाचकाला परिचित आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच १९४५ साली के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा इंग्रजी ग्रंथही निघाला. एकाच वर्षी जमातीचे वर्णन छापून झाले आणि जमात त्या वर्णनाबाहेर पडली.

मला इथे लक्ष वेधायचे आहे ते त्या तारखेच्या सूर्याकडे. २३ मे रोजी सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेवीस अंशांवर असतो. म्हणजे झरीच्या माध्यान्ही तो डोक्यावर, अर्ध्या अंशाच्या फरकाने, अगदी नेमका. पाच-सव्वापाच फूट उंचीच्या माणसाची सावली तेव्हा बोटभरही बाहेर पडत नाही. अशा दिवशी कॅमेरा घेऊन उभे राहणाऱ्यापुढे छायाचित्रणातील सर्वांत अवघड उजेड असतो : कपाळ आणि नाकाचा शेंडा जळतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो आणि माणूस डोळे असून डोळे नसल्यासारखा दिसतो. पुस्तिका सांगते, अशा वेळी चित्र घेऊ नये, चार वाजेपर्यंत थांबावे. परंतु वेठ नाकारायला जमलेला जमाव चारपर्यंत थांबत नाही.

यावर त्या पिढीच्या छायाचित्रकारांनी काढलेला उपाय कोणत्याही साधनाचा नव्हता. कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’चे छायाचित्रकार सुनील जाना यांनी १९४० च्या दशकात बंगालच्या दुष्काळाची, किसान सभेच्या मेळाव्यांची, पुढे आदिवासी जमातींची जी चित्रे घेतली, त्यांत कॅमेरा पुष्कळदा कमरेच्या खाली आणि चेहरा आभाळावर येतो. याला ‘वीरचित्रण’ म्हणून नावे ठेवण्याची चाल आहे, आणि काही अंशी ती रास्त आहे. पण त्यामागे उजेडाचेही कारण संभवते असे मला वाटते. वर पाहणारा चेहरा किंचित मागे झुकतो, तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत आकाश उतरते. आणि मेमधली वाळकी, फिकट जमीन खालून उजेड परत टाकते. जमीन हाच रिफ्लेक्टर. ज्या जमिनीसाठी भांडण, तिनेच चेहरा उजळावा, हे वाक्य मी मोहाने लिहिले आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, म्हणून राहू देतो. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड व त्यांचे साथी मारले गेले.

जाना यांचे ‘द सेकंड क्रीचर’ हे पुस्तक १९४९ साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने काढले; त्याची मांडणी सत्यजित राय यांची. हा धागा पुढे उजेडाच्या आणखी एका प्रकरणाशी जाऊन मिळतो. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या जुन्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. चौकात उजेड येतो तो वरच्या मोकळ्या आकाशाचा, दिशाहीन, कोणाचीही सावली न पाडणारा. स्टुडिओतल्या दिव्यांनी तो साधेना. तेव्हा सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणून बांधले आणि दिवे माणसांवर न रोखता खालून त्या कापडावर रोखले. परतून येणारा उजेड चौकातल्यासारखा निघाला. आज छायाचित्रकार ज्याला ‘बाउन्स’ म्हणतात, त्याचे भारतीय चरित्र इथून सुरू होते. मित्रांनी मऊ उजेड सौंदर्यासाठी आणला नाही. त्या घराचा उजेड कसा असतो हे आठवून, त्याच्याशी इमान राखण्यासाठी आणला. साधन निवडण्याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

ती कसोटी डहाणू-तलासरीला लावली तर काय दिसते? जुने वारली घर म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लिंपा आणि खिडकी नाही. आत काळोख, आणि दाराएवढ्याच चौकटीतून येणारा उजेड. वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर, त्याची वळचण इतकी खाली की आत शिरताना वाकावे लागते. छायाचित्रकाराच्या डोळ्यांनी पाहा : वळचण वरचा उजेड पूर्णपणे कापते; उरतो तो अंगणावरून परतलेला आणि समोरच्या आकाशाच्या खालच्या पट्ट्यातून आलेला, म्हणजे बाजूने येणारा, रुंद, मऊ उजेड. ओटीवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो एका अंगाने पडतो आणि दुसऱ्या अंगाला घराचा काळोख राहतो. ज्यासाठी मुंबईच्या काचघराला काच, मलमल, चौकट आणि भाडे लागत होते, ते इथे वळचणीने आणि कुडाने केलेले आहे. झरीच्या सूर्याखालीसुद्धा ही ओटी कामाची. ऊन जितके कडक, तितके अंगण अधिक उजळते. एक मेख मात्र लक्षात ठेवावी. गेरूने सारवलेली भिंत जवळ असेल तर ती गालावर तांबूस झाक टाकते. ती नको असेल तर माणसाला भिंतीपासून हातभर दूर बसवावे. मला स्वतःला ती झाक पुसावीशी वाटणार नाही.

ज्यांना दिवा वापरणे भागच आहे त्यांच्यासाठी एवढेच. सावळ्या त्वचेवर आकार कळतो तो मुख्यतः चकाकीतून. गोऱ्या गालावर तो फिकट-गडद छटांतून कळतो. किनाऱ्याच्या दमट हवेत कातडीवर घाम असतोच. छोटा फ्लॅश समोरून मारला तर त्या घामाचे पांढरे ठिपके होतात आणि बाकी चेहरा बुडतो. मग ‘चित्र अंडर आले’ म्हणून फ्लॅश वाढवतात. ठिपके वाढतात, चेहरा तसाच. याला उत्तर जास्त उजेड हे नव्हे, मोठा उजेड हे आहे. मोठा सॉफ्टबॉक्स किंवा ताणलेली चादर, बाजूने, जितकी जवळ आणता येईल तितकी. म्हणजे चकाकी ठिपक्याची न राहता गालाच्या हाडावरून ओघळणारा रुंद पट्टा होते. समोरून पांढरी छत्री लावून सावल्या ‘भरू’ नयेत. ती भरण्याची घाई म्हणजे लॅम्प्रीच्या जाळीचीच सौम्य आवृत्ती.

जाळी अजून गेलेली नाही. १९९३ पासून मतदार ओळखपत्रे आली आणि गावोगाव रांगेत बसवून माणसे टिपली गेली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधारपत्रे नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिली गेली. या छायाचित्रांत मागे पांढरा पडदा असतो. आपोआप उजेड मोजणारा कॅमेरा त्या पांढऱ्याला बिचकतो, एकूण चित्र गडद करतो, आणि सावळा चेहरा आणखी बुडतो. ज्या घरांत भिंतीवर आजोबांचा काचघरातला फोटो कधीच नव्हता, तिथे कितीदा हेच कुटुंबातले पहिले व्यक्तिचित्र असते. आणि माणूस गेला की तेच मोठे करून हार घालतात.

आणि वारल्यांनी स्वतः चेहरा कसा काढला? काढलाच नाही. लग्नाच्या चौकातली आकृती कमरेला मिळणाऱ्या दोन त्रिकोणांची, डोके म्हणजे एक ठिपका, त्यात डोळे-नाक काही नाही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी ती काढतात. याला ‘आदिम साधेपणा’ म्हणण्याची खोड जुनी आहे. मला ते चित्र त्या खिडकी नसलेल्या घराच्या उजेडावरचे नेमके उत्तर वाटते. बाहेरून उजेड आणून माणसावर पाडण्याऐवजी माणूसच पांढरा, म्हणजे स्वतःच उजेडाचा, केला; अर्धवट काळोखात तो जितका उठून दिसतो तितका शहरातल्या गॅलरीच्या दिव्याखाली दिसत नाही. भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या आरंभी गंजाडला आले, जिव्या सोमा म्हसे यांच्या हाती कागद आला, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या कागदावरही चेहऱ्यांना नाकडोळे आले नाहीत.

याच गंजाडमध्ये २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांनी ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिल यांनी कृष्णधवल छायाचित्रे घेतली : गावाचे माळ, झाडे, टेकड्या, त्यांत वांगड उभे किंवा बसलेले. मग त्या छापील चित्रावर वांगड यांनी शाईने आकृत्या भरल्या; त्या जागी घडून गेलेले, सांगितले गेलेले, कॅमेऱ्याला न दिसलेले सगळे. आभाळाच्या कोऱ्या पांढऱ्या भागात, जिथे छायाचित्राला काही सांगायचे नसते, तिथे गर्दी उसळते. मग गिल यांनी डहाणूच्या पूर्वेला डोंगर चढून जव्हारकडे, बोहाड्याचे मुखवटे करणाऱ्या सुभाष व भगवान धर्मा कडू या बंधूंकडे काम केले. देवदेवतांऐवजी रोजच्या माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे कागदी लगद्याचे मुखवटे करायला सांगितले आणि ते घातलेली गावातली माणसे रंगीत छायाचित्रांत टिपली. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अ‍ॅपिअरन्स’ नावाची ही मालिका २०१८ मध्ये न्यूयॉर्कला दाखवली गेली. ही व्यक्तिचित्रेच आहेत, पण त्यांतले डोळे रंगवलेले आहेत. कपाळाची सावली त्यांच्यावर पडू शकत नाही, मग सूर्य मेअखेरचा का असेना.